शेंकडा किती, आणि पुढें कोठें?



उन्हाळ्याची सुटी लागली कीं महाराष्ट्रांतील घराघरांत एका दिवसाची वाट पाहिली जाते. तो दिवस माध्यमिक शालान्त परीक्षेच्या निकालाचा. एके काळीं वर्तमानपत्रांत आसनक्रमांकांच्या ओळीच्या ओळी छापून येत आणि भिंगानें पाहावे तसे ते आंकडे पाहिले जात. आतां ते हातांतल्या दूरध्वनीच्या पडद्यावर उमटतात. साधन बदललें, प्रश्न मात्र तोच राहिला: "शेंकडा किती मिळाले?" या प्रश्नाला एक जोडप्रश्न आहे. मूल आतां पुढें जाणार कोठें? पहिल्याचें उत्तर परीक्षा मंडळ एका दिवसांत देतें. दुसऱ्याचें उत्तर कोणीच देत नाहीं. कारण तो प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं.

मुळांत हे दोन प्रश्न वेगळे नव्हतेच. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्यानें पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली. विद्यापीठाच्या पटावर नांव चढणें, हाच त्या शब्दाचा अर्थ. त्या पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेले महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८६२ सालीं विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत झळकले. निकाल लागला म्हणजे वाटही ठरली, असा तो काळ होता. पुढें मॅट्रिकच्या बळावर नोकऱ्या मिळूं लागल्या आणि परीक्षेला स्वतंत्र प्रतिष्ठा आली. अखेर १९४९ सालीं तत्कालीन मुंबई प्रांतांत शालान्त प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. ती विद्यापीठाची नव्हे, तर स्वतंत्र मंडळाची होती. १९६६ सालीं महाराष्ट्राचें राज्य मंडळ अस्तित्वांत आलें आणि १९७५ पासून ही परीक्षा अकरावीऐवजीं दहावीच्या अखेरीस होऊं लागली. आज शाळा आणि पदवी यांच्यामध्यें अकरावी-बारावीच्या दोन इयत्ता उभ्या आहेत. निकाल अलीकडच्या तीरावर लागतो. वाट पलीकडच्या तीरावर सुरू होते.

आतां आंकड्यांचें मोल किती, तें पाहूं. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ सालीं शेंकडा ८९.४१ होता. २०१९ सालीं तो ७७.१० वर उतरला आणि २०२० सालीं एकदम ९५.३० वर चढला. एका वर्षांत महाराष्ट्रांतील मुलांची बुद्धि मंदावली आणि दुसऱ्या वर्षीं ती तल्लख झाली, असें कोणी म्हणणार नाहीं. २०१९ सालीं नवा अभ्यासक्रम आला होता आणि भाषादि विषयांतील अंतर्गत परीक्षेचे २० गुण काढून टाकण्यांत आले होते. पुढच्या वर्षीं ते परत आले. २०२१ सालीं महासाथीमुळें लेखी परीक्षाच झाली नाहीं. शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावर निकाल ९९.९५ लागला. २०२५ सालीं तो ९४.१० होता. तात्पर्य, शेंकडेवारी मुलाला मोजते तशीच ती मोजपट्टीलाही मोजते. मोजपट्टी बदलली कीं उंची बदलते; मूल तेंच असतें.

दुसरा प्रश्न किती अवघड आहे, हें पाहावयाचें असेल तर गोरेगांवच्या पूर्वेस आरे कॉलनींत जावें. ज्या १९४९ सालीं शालान्त परीक्षा जन्मास आली, त्याच सालीं ही दुग्ध वसाहत स्थापन झाली. शहरांतील गोठे बाहेर न्यावे आणि मुंबईकरांना स्वच्छ दूध मिळावें, हा तिचा हेतु. १९५१ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें तेथें वृक्षारोपण झालें. सुमारें १,२८७ हेक्टरांच्या या हिरव्या टापूंत तबेल्यांवर राबणारीं कुटुंबें आलीं. पण त्यांच्याही पूर्वीपासून तेथें वारल्यांचे पाडे होते आणि ते आजही आहेत. या पाड्यांतलें मूल शाळेस निघतें तें झाडींतल्या वाटेनें. संध्याकाळीं परततांना बिबट्याचें भय असतें. असें मूल दहावीस उत्तीर्ण होतें, तेव्हां त्याच्या गुणपत्रिकेवर ही पायपीट कोठेंही नोंदलेली नसते.

आणि तेथून पुढें? गोरेगांवहून आरेमधून जाणारा रस्ता पवईकडे उतरतो. तेथें १९५८ सालीं स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. परळच्या, १८८६ सालच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची एक शाखा तर खुद्द आरेंतच आहे. म्हैस चारा सोडते तेव्हां तिचें काय बिनसलें असेल, हें ज्या मुलाला पुस्तकावांचून समजतें, तें मूल या फाटकावरून रोज जातें. परंतु आंत विद्यार्थी म्हणून जाण्यासाठीं अकरावीस विज्ञान शाखा घ्यावी लागते, जीवशास्त्र ठेवावें लागतें आणि 'नीट' या अखिल भारतीय परीक्षेंत गुण मिळवावे लागतात. बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान इंग्रजींतून शिकवितात. मराठी शाळेंतून आलेल्या मुलाला पहिले सहा महिने शब्दांशींच झुंजावें लागतें. शिकवणीवर्गाची फी वेगळीच. फाटक शंभर पावलांवर, आणि वाट साडेसात वर्षांची!

या वाटेवर दुसरी अडचण कागदांची. मुंबईंत २००९ पासून अकरावीचे प्रवेश संगणकाद्वारें होतात. २०२५ पासून ही पद्धति साऱ्या राज्यास लागू झाली. महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरतांना चूक झाली, तर चांगले गुण असूनही मूल दूरच्या महाविद्यालयांत जाऊन पडतें. वारली ही अनुसूचित जमात. सवलती आहेत, शिष्यवृत्त्याही आहेत. परंतु व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशासाठीं जातवैधता प्रमाणपत्र लागतें आणि त्यासाठीं ६ सप्टेंबर १९५० पूर्वींच्या वास्तव्याचे पुरावे शोधावे लागतात. ज्याच्या आजोबांनीं शाळेची पायरीच चढली नाहीं, त्यानें आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणावा कोठून? हा शोध बारावीच्या निकालानंतर सुरू केला तर वर्ष हातचें जातें. दहावीच्या सुटींत सुरू केला तर बहुधा वेळेवर पुरा होतो. हें घरीं कोणीतरी सांगावें लागतें. आणि तें सांगणारें माणूस नसणें, हीच खरी दारिद्र्याची खूण.

जे अनुत्तीर्ण झाले, त्यांचाही विचार येथें केला पाहिजे. २०१५ पासून निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा होते. पूर्वींसारखी ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाहीं. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीस प्रवेशाची मुभा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील कांहीं व्यवसाय दहावी न झालेल्यांसही खुले आहेत. शाळा मध्येंच सुटली असेल तर सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसतां येतें. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका आहे. नोकरी करीत शिकणाऱ्यांसाठीं १९८९ सालीं नाशिक येथें स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मुलींसाठीं शासनानें २०२४ पासून अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी, ठराविक प्रवर्ग व उत्पन्नाच्या मर्यादेंत, पूर्ण माफ केली आहे. दारें आहेत, पण बंद दारावर कोणी पाटी लावलेली नाहीं, म्हणून मूल भिंत समजून परत फिरतें.

मग करावें काय? दोन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. पहिली शाळांनीं करावयाची. निकालाचा फलक दारावर लावतांना शेजारीं आणखी एक वही ठेवावी. तींत प्रत्येक विद्यार्थ्याचें नांव, आणि तो एक वर्षानें कोठें होता, तीन वर्षांनीं कोठें होता, पांच वर्षांनीं कोठें होता, एवढेंच लिहावें. कोण महाविद्यालयांत टिकला, कोणी मध्येंच सोडलें, कोण कामास लागला, कोणाचें लग्न लावून दिलें, हें सारें त्या वहींत येईल. शाळेचा खरा निकाल तो. शंभर टक्क्यांचा फलक मिरविणाऱ्या शाळेलाही ती वही कदाचित् खालीं मान घालावयास लावील. आणि साठ टक्क्यांच्या एखाद्या शाळेची मान तिच्यामुळें वर होईल.

दुसरी गोष्ट सुशिक्षित कुटुंबांनीं करावयाची. दूध घालणारा, इमारतीचा रखवालदार, घरकामाला येणारी बाई, यांच्यापैकीं कोणाचें तरी मूल दरवर्षीं दहावीस असतें. निकालाच्या दिवशीं त्याच्या हातावर पेढा ठेवण्यास कोणी चुकत नाहीं. त्याच वेळीं "टक्के किती?" याऐवजीं "अर्ज भरलास का? दाखले काढलेस का?" असें विचारावें, आणि एक संध्याकाळ त्याच्याबरोबर बसून तो अर्ज भरावा. यास पैसा लागत नाहीं. जें ज्ञान घरांत आधींपासून आहे, तेंच वांटावयाचें आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून आरेहून भुयारी रेल्वे वांद्रे-कुर्ला संकुलाकडे धावूं लागली. अर्ध्या तासाच्या आंत माणूस शहराच्या नव्या पेठेंत जाऊन पोहोंचतो. पाड्यावरचें मूल त्या गाडींत बसेल, यांत शंका नाहीं. तें तेथें झाडू घेऊन उतरेल कीं पदवी घेऊन, हें त्याच्या निकालानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत बरेंचसें ठरतें. ते दोन महिने वायां जाऊं नयेत, एवढेंच सांगावयाचें.