अस्तंभ्याची वाट
(तळोदा येथील भाषण)



धनत्रयोदशीला तळोद्याहून निघणारे यात्रेकरू अस्तंभ्याचे १,३२५ मीटर उंचीचे शिखर रात्रीच्या अंधारात चढतात. वाट चुकलेल्यास अश्वत्थामा मार्ग दाखवतो, ही येथील श्रद्धा. तिला सावधपणाची जोड हवी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदसैली घाटात यात्रेकरूंची गाडी उलटून अनेकांचे प्राण गेले. मालवाहू वाहनात बसू नये. पाणी, विजेरी, शिटी, उबदार पांघरूण जवळ असावे. स्थानिक भिल्ल-पावरा बांधवांचा सल्ला मानावा. सोबत्यांशी ताटातूट झाल्यास ओढ्याने खाली उतरू नये. पुढे कडा असू शकतो. जागीच थांबून शिटी वाजवावी, उजाडू द्यावे. शेकोटी पाण्याने विझवून राख गार झाल्याची खात्री करावी.

सर्व सोबती सुखरूप घरी परतले, म्हणजेच यात्रा सफळ झाली.