छतातील काच आणि पावसाचे पाणी

मोटारीच्या छतातील काचेविषयी, म्हणजे ज्याला आपण सनरूफ म्हणतो त्याविषयी, पावसाळ्याच्या तोंडावर चार शब्द सांगावेत अशी आकाशवाणीची सूचना आली. आणि दल्ली-राजहराच्या खनिजावर चालणाऱ्या भिलाईच्या परिसरातील तांबूस धूळ व दुर्गच्या रस्त्यांवरील कडुलिंबाचा मोहोर ज्यांच्या गाड्यांवर नित्य पडतो, त्यांना हा विषय परका वाटणार नाही, म्हणून मी तो आनंदाने पत्करला.

काचेभोवतीचे रबर पाणी पुरते अडविते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः रबराखाली झिरपलेले पाणी झेलण्यासाठी चौकटीभोवती एक पन्हळ असते, तिच्या कोपऱ्यांतून बहुधा चार बारीक नळ्या निघतात, आणि त्या पुढच्या-मागच्या खांबांच्या पोकळीतून उतरून पाणी गाडीखाली सोडतात. पुन्हा सांगतो, पाणी आत येणारच, हे गृहीत धरूनच त्याला बाहेर घालविण्याची ही तजवीज केलेली असते. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि सुकलेली फुले यांचा मृगाच्या पहिल्या सरीत चिखल होऊन नळीचे तोंड बुजले, की पन्हळ भरून वाहते, छताच्या अस्तरावर पिवळट डाग उमटतो, पायाखालचा गालिचा कुबट वास सोडू लागतो आणि त्याखालच्या विजेच्या तारांचे जोड गंजतात. मालक मात्र तक्रार घेऊन जातो ती रबराची!

जुन्या ॲम्बेसेडरच्या छताच्या कडेला, कौलारू घराच्या वळचणीला असावी तशी, उघडी पन्हळ होती. दार उघडले तरी पागोळी खांद्यावर पडत नसे. नव्या गाड्यांच्या गुळगुळीत देखणेपणापायी ती गेली, आणि तिच्या बदली छतालाच भोक पाडून घेण्यात आपण प्रतिष्ठा का मानू लागलो, हे मला आजही उमगलेले नाही. त्या भोकातून मुलांना धावत्या गाडीत उभे करणाऱ्या पालकांना काय म्हणावे? अचानक ब्रेक लागला तर त्या लेकरांना सावरणार कोण?

वैशाखातील उन्हाने तापणाऱ्या काचेविषयी बोलायचे होते, परंतु वेळ संपत आली. एवढे अवश्य करा: पावसाआधी पन्हळीच्या प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि ते गाडीखाली ठिबकते का पाहा. न ठिबकल्यास नायलॉनची मऊ दोरी अलगद सारा. पंक्चरवाल्याकडच्या हवेचा झोत मात्र मारू नका, कारण नळी आतल्या जोडातून निसटली, की छताचे अस्तर उतरविल्यावाचून ती हाती लागत नाही.