मुक्काम पोस्ट इंटरनेट

(ग्रंथालयाच्या पटांगणात भरलेल्या उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, आणि डास सोसत बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेत माझा विषय 'इंटरनेटची संस्कृती आणि आपण' असा छापलाय. तो मी दिलेला नाही. मी दिला होता 'माझं संकेतस्थळ'. संयोजक म्हणाले, एवढ्यावर माणसं यायची नाहीत. (हशा) आलात ते बरं केलंत, पण बोलणार मी संकेतस्थळावरच आहे. संस्कृतीसाठी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवली आहेत.

इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे. जीनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये पहिलं संकेतस्थळ जगापुढे ठेवलं, १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, मग सायबर कॅफे, मग खिशातले फोन. झालं. पुढे जाऊ.

माझं म्हणणं एवढंच आहे की मजकुराला पत्ता लागतो. उदाहरण देतो. पु. ल. गेले १२ जून २००० ला. व्हॉट्सॲप निघालं २००९ मध्ये. आणि तेव्हापासून पु. लं.नी जेवढं लिहिलंय तेवढं हयातीतही लिहिलं नव्हतं! (मोठा हशा) मैत्रीवर पु. ल., म्हातारपणावर पु. ल., गुडघेदुखीवर पु. ल. हसताय खरे, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी आज सकाळी असा एखादा पुढे ढकलला असेल. ज्या बापड्याने तो लिहिला, त्याचं नाव दुसऱ्या-तिसऱ्या मुक्कामालाच गळून पडलं. मूळ कुठलं, कधीचं, विचारायचं कुणाला? तो मजकूर कुठे राहतच नाही, नुसता फिरतो.

आता उलट बाजू बघा. १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' काढली. सरकारी शाळेत मास्तर असताना. एकूण ८४ अंक, आणि जवळजवळ सगळा मजकूर एकटाकी. भाषेवर लिहिलं, कवींवर लिहिलं, लोकहितवादींवर तर तुटून पडले. 'शास्त्रीबुवा, जरा आवरतं घ्या' म्हणणारा वर कुणी संपादक नाही. माझ्या मते मराठीतलं पहिलं वैयक्तिक संकेतस्थळ ते.

(समोरून : 'काहीतरीच!')

काहीतरीच काय? मी शास्त्रीबुवांचा भक्त नाही. जोतीरावांवर त्यांनी जे लिहिलं ते मला आजही खुपतं. पण खुपतं ते बोट ठेवून दाखवता येतं, अमुक अंक, अमुक पान. दीडशे वर्षांनीही त्यांच्याशी भांडता येतं. बरं, गेल्या महिन्यात समाजमाध्यमांवर चार दिवस जे रान पेटलं होतं ते कशावरून, सांगा. (शांतता) बघा. आणि त्यात तुमच्यातल्या काहींनी नाती तोडलीत!

माझं संकेतस्थळ १९९९ चं. तेव्हा मराठी लिहायचं म्हणजे आधी फॉन्ट. माझ्या पहिल्या पानावर ठळक सूचना होती : 'आधी फॉन्ट उतरवून घ्या.' फॉन्ट नसेल तर वाचणाऱ्याला इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा, कारण संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच होतं. 'क'चं चित्र कुठल्या तरी इंग्रजी अक्षराच्या जागी नेऊन बसवलेलं. फॉन्ट म्हणजे वेषांतर. त्यामुळे शोधायला गेलात तर माझा एकही मराठी शब्द सापडायचा नाही. पुढे युनिकोड आपल्या संगणकांवर रुळलं, 'क'ला स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि मी सगळं जुनं लेखन एका रूपांतरकातून काढलं. रात्रीत काम फत्ते.

त्यात लग्नघरच्या आचाऱ्यांवर माझा एक लेख होता. आमच्याकडे मांडवात आचारी कसे पहाटे चूल पेटवत, वगैरे. आता आपल्या मराठीत 'र'ची एक खास लकब आहे, दुसऱ्या अक्षराला जोडताना तो आडवा झोपतो. आचाऱ्यांचा. दऱ्यांचा. त्या रूपांतरकाला ही लकबच माहीत नव्हती. त्याने सगळ्या आडव्या 'र'चे रफार केले. म्हणजे, आचार्य! (हशा) लेख असा झाला : 'आचार्यांनी पहाटे चारला उठून शंभर नारळ खोवले.' 'आचार्यांच्या अंगावर फक्त पंचा होता आणि हातात झारा.' (हशा, टाळ्या) 'दुपारी आचार्यांचं आणि वधूपित्याचं तेलावरून वाजलं.' थांबा, पुढचं ऐका. एका निवृत्त शिक्षकांचं मला पत्र आलं. अतिशय गंभीर. 'आपण वर्णिलेली प्रथा कोणत्या मठातली?' (हशा) मी काय उत्तर देणार? मी लिहिलं, जेवणाऱ्या मठातली.

त्याच लेखनात सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र झाला होता, सुऱ्यांचं वेगळंच काहीतरी. मग बसलो. दोन उन्हाळे एकेक पान हाताने दुरुस्त केलं. तेव्हा कळलं, 'ॲ' हे अक्षर युनिकोडात आलं २००८ साली. तोवर आपण 'अ'वर चंद्र चिकटवून भागवत होतो. भाषा कोट्यवधी लोक बोलतात, आणि एका अक्षराला घरक्रमांक मिळायला...

चिठ्ठी आली. 'पंधरा मिनिटे.' अध्यक्षमहाराज, ही चिठ्ठी मघाचीच ना? नाही? बरं.

तर पत्ता. फुकटात लिहायला जागा पुष्कळ मिळते. जिओसिटीज नावाची मोठी वसाहत होती, तिच्यात अथेन्स, हॉलिवूड अशा नावांचे मोहल्ले आणि प्रत्येकाला घरक्रमांक. २००९ मध्ये याहूने ती बंद केली. ऑर्कुट गेलं २०१४ ला. तिथे लिहिणाऱ्यांना नोटीस आली, मालकी हक्क कधी आला नव्हता. म्हणून म्हणतो, स्वतःच्या नावाचा पत्ता घ्या, साधी पानं लिहा, आणि...

(समोरून : 'पण सर, त्याचंही दरवर्षी भाडं भरावं लागतं ना?')

लागतं. तुम्ही संगणकात आहात वाटतं. (हशा) हो, विकत कायमचा मिळत नाही, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. आता विषय निघालाच आहे तर कबूल करतो. माझ्या नूतनीकरणाच्या सूचना ज्या ईमेलवर यायच्या तो मी कधीच सोडून दिला होता. चूक शंभर टक्के माझी. एक दिवस अकोल्याहून एका वाचकाचा फोन. 'सर, तुम्ही रमी कधीपासून शिकवायला लागलात?' (हशा) पत्ता सुटल्याबरोबर कुणीतरी उचलला होता, आणि आचाऱ्यांच्या जागी पत्ते! प्रती होत्या त्या संगणकाने आधीच मान टाकलेली. शेवटी अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्हने माझी पानं टिपून ठेवलेली सापडली. ही संस्था १९९६ पासून जगभरची संकेतस्थळं साठवते. माझी त्यांची ओळख ना पाळख. तिथून एकेक लेख उतरवून नव्या पत्त्यावर नेला.

वाचतं कोण, असं मागच्या बाईंनी मघाशी शेजारणीला विचारलं, मी ऐकलं. थोडे वाचतात. पण आठ वर्षांपूर्वीच्या लेखातली तिथी चुकलीय, असं कळवणारे आहेत. सकाळी पुढे ढकललेल्या मजकुराबद्दल संध्याकाळी असं कुणी तुम्हाला सांगितलंय का?

दुसरी चिठ्ठी. हिच्यावर काहीच लिहिलेलं नाही, नुसती रेघ ओढलीय. समजलो. संस्कृतीसाठी राखलेली दहा मिनिटं आचाऱ्यांनी खाल्ली. प्रश्न बाहेर चहाच्या टेबलापाशी घेतो.

एकच सूचना. दुसऱ्या रांगेतले ते तरुण केव्हाचे फोनवर माझं नाव शोधतायत. नवा पत्ता फाटकाजवळच्या फळ्यावर लिहून ठेवलाय, तोच टाका. आज सापडला तो जुना असेल तर आत्ताच बंद करा, आई शेजारी बसलीय तुमची.