हिवाळ्यातील सर्पशोध



हिवाळ्याच्या सुट्टीत कोणी तीर्थयात्रेस जातो, कोणी आप्तांच्या भेटीस जातो. परंतु काही हौशी मंडळी ह्याच दिवसांत राजस्थानच्या थर वाळवंटाची वाट धरतात, आणि तीही रानातले साप पाहण्यासाठी. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. थंडीत साप असतात तरी कोठे, असे ते विचारतील. ह्या साध्या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. कारण त्याचे उत्तर थरच्या वाळूइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, आपल्या पांढुर्णा आणि सौंसर भागातील कपाशीच्या व संत्र्याच्या मातीशी निगडित आहे.

सापाच्या शरीरात माणसाप्रमाणे स्वतःची ऊब निर्माण होत नाही. त्याला ती सूर्याकडून आणि तापलेल्या जमिनीकडून उसनी घ्यावी लागते. अंगात ऊब नसेल तर त्याला चपळाईने हालता येत नाही आणि खाल्लेले भक्ष्य पचत नाही. वाळवंटात हिवाळ्याची रात्र अतिशय गार असते; तेव्हा तो उंदरांच्या किंवा सांड्यांच्या बिळात खोलवर पडून राहतो, आणि ऊन चढले म्हणजे बिळाच्या तोंडाशी येऊन अंग शेकतो. शोधणाऱ्याचे काम तेथे वाळू सोपे करते. रात्री कोण कोठून गेले, ह्याची नोंद सकाळी तिच्यावर उमटलेली असते. फुरसे हा लहानसा विषारी साप मोकळ्या वाळूवर आडवा सरकत जातो. त्याच्या वाटेवर तिरक्या, एकमेकींपासून सुट्या रेघा उठतात. जाणता मनुष्य त्या रेघा वाचीत बिळापर्यंत पोहोचतो आणि दुरूनच दर्शन घेतो.

आपल्याकडे वाळूचे हे पान नाही. सातपुड्याचे उतार जेथे नागपूरच्या मैदानाकडे झुकतात, तेथे जाम आणि कन्हान ह्या नद्यांच्या आसमंतात आपला हा मराठीभाषक मुलूख वसला आहे. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा नवा असला तरी जमीन तीच जुनी, काळी, भेगाळणारी. तिच्यावर सापाचा माग उमटत नाही. मात्र त्याची हिवाळ्यातील घरे कोठे असतात, हे शेतकऱ्याने मनाशी आठवून पाहिले तर त्याला सांगता येईल. धुऱ्यावरील उंदरांची बिळे, विहिरीच्या काठचे दगड, गोठ्यामागची कडब्याची गंजी, उपटून रचलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग आणि संत्र्याच्या झाडाखाली साचलेला पाचोळा, ही ती घरे होत. धान्याच्या मागे उंदीर येतो आणि उंदराच्या मागे धामण, नाग व घोणस येतात. आपण ज्याला पसारा म्हणतो, तो त्यांचा वाडा असतो.

आपल्या समजुतीत साप पावसाळ्याचा. श्रावणात नागपंचमीला त्याची पूजा झाली, पोळा झाला, पावसाने पाठ फिरविली, की तो आपल्या मनातून जातो. धामण आणि नाग थंडीत मंदावतात हे खरे. परंतु घोणशीची गोष्ट निराळी आहे. काही ठिकाणी तिला परड असेही म्हणतात. हिवाळा हा तिच्या मीलनाचा काळ. नर ह्या दिवसांत मादीच्या शोधात हिंडत असतात. पुढे उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या तोंडी मादी अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देते, आणि त्यांची संख्या कित्येकदा वीस-तीसच्या घरात असते. शिवाय उकाड्याच्या दिवसांत रात्री फिरणारी ही घोणस थंडीत दिवसा उन्हाला येऊन पडते. म्हणजे ज्या वेळी माणूस शेतात असतो, नेमकी त्याच वेळी!

तिच्या तपकिरी अंगावर गडद, लांबट ठिपक्यांच्या तीन साखळ्या असतात. त्यामुळे वाळलेल्या पानांत ती डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. जाड अंगामुळे अनेकजण तिला अजगराचे पिलू समजतात आणि निर्धास्तपणे जवळ जातात. ती सहसा पळत नाही. वेटोळे घालून लोहाराच्या भात्यासारखा मोठा फूत्कार करते, आणि हा इशारा मानला नाही तरच दंश करते. पॅट्रिक रसेल ह्या स्कॉटिश वैद्याने १७९६ साली भारतीय सापांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रजीत घोणस त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आता कपाशीच्या वेचणीचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. ओटीत कापूस भरीत बायका ओळीने चालल्या आहेत. नजर बोंडावर आहे, पाय पाचोळ्यात आहेत. संत्र्याच्या तोडीतही हेच. गळालेले फळ उचलण्यास हात सरळ पानांत जातो. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिला आहे. वर्षाला ही सरासरी अठ्ठावन्न हजारांची होते, आणि अधिक मृत्यू होणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेशाची गणना आहे. ह्यांपैकी निम्मे मृत्यू पावसाळ्यात होतात. सर्वजण हे निम्मे लक्षात ठेवतात. उरलेले निम्मे वर्षाच्या बाकीच्या महिन्यांत होतात, हे मात्र आपण विसरतो.

ह्यावर उपाय महाग नाहीत. वेचणीपूर्वी ओळीत काठी आपटीत जावे, पायांत बूट असावेत, फळ आधी काठीने हलवून मग उचलावे, पऱ्हाट्यांचा ढीग घराला लागून रचू नये, आणि रात्री धुऱ्यावर विजेरीवाचून पाऊल टाकू नये. एवढे करूनही दंश झालाच तर अवयव आवळून बांधू नये, जखम कापू नये, विष चोखू नये. रुग्णाला धीर द्यावा, दंशाचा भाग हालू देऊ नये आणि मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. म्हणून डॉक्टर थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत वीस मिनिटे न हालविता ठेवतात. ते गोठले नाही, तर विष भिनले असे समजते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चौघांच्या विषांवर चालणारे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव ह्या कार्याशी दीर्घकाळ जोडलेले आहे. मांत्रिकाकडे नेलेली माणसेही बरी होतात, असे आपण ऐकतो. ती बरी होतात, कारण बहुसंख्य साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. ज्याच्या अंगात विष खरोखर गेले आहे, त्याची वेळ मात्र मंत्रात फुकट जाते.

मग नाताळच्या सुट्टीत आपल्या मुलांनी साप पाहण्यास जावे काय? माझे उत्तर असे, की अवश्य जावे, पण जाणत्या माणसाबरोबर जावे. ऊन चढल्यावर निघावे, धुऱ्यापासून चार पावले दूर चालावे, दगड उलटू नये, बिळात काठी घालू नये. दिसलेला साप, ती जागा, ती वेळ आणि उन्हाची दिशा वहीत टिपून ठेवावी. साप धरण्याचे धाडस कोणी करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे. गुप्तधनाच्या खुळ्या कल्पनेपायी निरुपद्रवी मांडूळ धरून विकणारे जे लोक आहेत, ते ह्याच कायद्याचे गुन्हेगार होत.

अशी वही गावातल्या पाच-दहा मुलांनी ठेवली, तर कोणत्या धुऱ्यावर घोणस उन्हाला येते हे वेचणीला जाणाऱ्या त्यांच्या आयांना आधीच कळेल. त्या तेथे जपून पाऊल टाकतील. घोणशीचा जीव जाणार नाही आणि माणसाचाही जाणार नाही. वाळवंटातला हौशी प्रवासी साप पाहून घरी परततो. आपल्याला मात्र त्याच शेतात, त्याच सापांच्या शेजारी, जन्म काढावयाचा आहे. शेजारी कोठे राहतो आणि केव्हा बाहेर पडतो, हे माहीत असलेले केव्हाही बरे.