कर आपणही भरतो

इस्लापूर भागातल्या बचत गटांतर्फे आज आम्ही कराबद्दल बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत विचारलं, "कर कोण भरतं?" की बाया सांगतात, नोकरदार आणि व्यापारी. मग आम्ही विचारतो, साबण कोण विकत घेतं?

आंघोळीच्या साबणावर सप्टेंबर २०२५ पर्यंत शंभराला १८ रुपये जीएसटी होता. आता तो ५ झाला. किमतीतच धरलेला असतो, म्हणून दिसत नाही. कापूस वेचणारी बाई असो की बंगल्यातली, दोघींना दर एकच. पण मजुरी करणारीची सगळी कमाई किराण्यातच जाते, म्हणून तिच्या शंभरातला जास्त हिस्सा करात जातो.

आता वरच्या टोकाकडे बघू. मोठ्या मालमत्तेवर केंद्राचा संपत्ती कर होता. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. बदल्यात वर्षाला १ कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के अधिभार वाढवला. पण ज्याच्या जागा-जमिनीची किंमत नुसती वाढत जाते, तो त्यातून सुटतो.

वरच्याकडून घेऊन खाली कामाला लावणं आपल्या महाराष्ट्रानं करून दाखवलं आहे. घरातल्या म्हाताऱ्या बायांना १९७२ चा दुष्काळ विचारा. खडी फोडून त्यांनी लेकरं जगवली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर पसरली. तिच्यासाठी १९७५ मध्ये राज्यानं व्यवसाय कर लावला. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांनी तो भरायचा आणि सरकारनं तेवढीच भर घालायची. १९७७ ला कायदा झाला, १९७९ पासून लागू झाला. मुंबईच्या पगारातून कापलेला पैसा असा खेड्यातल्या तलावावर, रस्त्यावर मजुरी म्हणून आला. बाईला आणि गड्याला एका कामाचा दर एकच. पुढे २००५ मध्ये देशानं असा कायदा केला, तेव्हा पहिल्या टप्प्यात आपला नांदेड जिल्हा होता.

या व्यवसाय करातही एक खोट आहे. १९८८ पासून राज्यघटनेत त्याची मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. महिन्याला १२ हजार मिळवणारा कामगार २,५०० भरतो आणि १२ लाख मिळवणारा साहेबही तेवढेच.

आता मदतीचं बघा. संजय गांधी निराधार योजनेत विधवा बहिणीला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. रोजगार हमीच्या दरानं ही पाच दिवसांचीही मजुरी होत नाही. अट काय, तर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं, नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. हिशेब करा. २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. शंभर दिवस काम केलं की ३१,२०० झाले. म्हणजे यादीत नाव नसलेल्या बाईनं कायद्यानं दिलेलं काम पुरं केलं, की ती निराधार ठरत नाही! एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं.

म्हणून आमचं म्हणणं आहे, उत्पन्नाची अट वाढवा. मदत महागाईबरोबर दरवर्षी वाढू द्या. आणि त्याला लागणारा पैसा मोठ्या मालमत्तेवर कर लावून आणा, साबण-तेलावर नको. आपल्या गटातही अडलेल्या बाईला आधी कर्ज देतो, त्यात कुणी उपकार मानत नाही.

बोलून काय होणार, असं म्हणू नका. सॅनिटरी पॅडवर १२ टक्के जीएसटी होता. देशभरच्या बायांनी आवाज उठवला आणि जुलै २०१८ मध्ये तो निघाला.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं नुसती सही करून उठू नका. उत्पन्नाच्या अटीबद्दल ठराव मांडा, तो वहीत लिहून घ्या, वाचून दाखवायला सांगा. ज्यांना काम पाहिजे त्यांनी लेखी मागा आणि तारखेची पोच घ्या. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्त्याचा हक्क आहे, पण पोच नसेल तर तो मागता येत नाही.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं घरच्या किराण्याचं एक छापील बिल आणावं. त्यातला कर किती, ते आपण मिळून काढू.