कणांची मोजदाद
(ग्रंथालयाच्या सभागृहातील व्याख्यान)



आजचा विषय रुक्ष वाटेल. परंतु तो घरातील तान्ह्या मुलापर्यंत पोहोचतो, म्हणून आपले थोडे लक्ष मागतो.

पाण्यात मीठ विरघळले की ते दिसेनासे होते. पण पाणी पूर्वीचे राहत नाही. ते शून्य अंशाला गोठत नाही आणि शंभर अंशांना उकळत नाही. कुल्फीवाला बर्फात जाडे मीठ घालतो ते याचसाठी. बर्फ व मीठ यांचे मिश्रण उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होऊ शकते, आणि त्यात ठेवलेले दूध गोठते. कैरीच्या फोडींना मीठ लावताच पाणी सुटते. कारण पेशींच्या पडद्यातून पाणी कमी विरघळलेल्या कणांकडून अधिक कणांकडे जाते. यालाच परासरण म्हणतात.

या सर्वांचे मर्म एकच. पातळ द्रावणात महत्त्व कणांच्या जातीला नसून संख्येला असते. डझनाप्रमाणे ‘मोल’ ही कणांची एक ठरावीक संख्या आहे. एक किलो पाण्यात एक मोल साखर घातल्यास गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी उतरतो. एक मोल मीठ घातल्यास जवळजवळ दुप्पट, कारण मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण होतात. परासरणाच्या दाबाचे नियम मांडणारे व्हान्ट हॉफ हे १९०१ साली रसायनशास्त्राच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

आता या हिशेबाचे मोल पाहा. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी पाजून असंख्य प्राण वाचवले. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत जाते आणि पाणी त्यांच्यामागून जाते. हीच आपली जलसंजीवनी. पूर्वीच्या मिश्रणात दर लिटरला ३११ मिलिऑस्मोल, म्हणजे रक्तातील सुमारे २९० पेक्षा अधिक कण होते. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मीठ व ग्लुकोज कमी करून हा आकडा २४५ वर आणला. कण घटले, तसे जुलाब आणि उलट्याही कमी झाल्या, आणि शिरेतून सलाईन देण्याची गरज उणावली.

म्हणून एक कळकळीची विनंती. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवू नये. तसे केल्यास कणांची संख्या चार-पाच पटींनी वाढते, आणि पाणी शरीरात जाण्याऐवजी कैरीच्या फोडीप्रमाणे आतड्यातून बाहेर ओढले जाते. मूल अधिकच सुकते. चवीसाठी वर साखर घालणेही तितकेच घातक. पुड्या लहान-मोठ्या मिळतात. पाण्याचे माप प्रत्येकीवर छापलेले असते.

शंभर वर्षे या वास्तूने माणसांना वाचायला शिकवले. पुडीवरची ती एक ओळ नीट वाचणे हेही वाचनच आहे, आणि ते कधी प्राण वाचवते. ज्यांना ती वाचता येत नाही, त्यांना आपण वाचून दाखवावी, एवढे सांगून आपली रजा घेतो.