अम्मीचं इंग्रजी

(युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण आज माझ्या अम्मीबद्दल बोलणार आहे. ती सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षिका होती.

२००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. निर्णय योग्यच होता. सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिका असं कळकळीने सांगितलंच होतं. पैसेवाल्याच्या मुलाला बालवाडीत मिळणारी भाषा शेतमजुराच्या मुलाने दहा वर्षांचं होईपर्यंत का ऐकू नये? पण शिकवणार कोण? ज्यांनी स्वतः पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली आणि डी.एड. मराठीतून केलं, त्याच बाई आणि तेच गुरुजी.

अम्मीला तालुक्याच्या गावी काही दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. राज्याचे तज्ज्ञ जिल्ह्याला शिकवणार, जिल्हा तालुक्याला, तालुका शिक्षकांना. म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. शेवटच्या प्रतीत अक्षरं पुसट होणारच. ही पद्धत जुनी आहे. मद्रास राज्यात १९६०च्या सुमारास अशाच साखळीने २७,००० शिक्षकांना तयार करायची योजना होती. तिला 'स्नोबॉल' म्हणत. संख्या वाढवायला ही साखळी सोयीची; पण वर्गात अडलेल्या शिक्षकाचा प्रश्न तिच्यातून परत वर जात नाही.

तरी अम्मीने हिंमत केली. रात्री भाकऱ्या झाल्या की ती आम्हा भावंडांना उभं करायची. 'स्टँड अप, सिट डाऊन, टच युवर नोज.' आम्ही हसायचो, तीही हसायची. शाळेत मुलं उड्या मारत इंग्रजी शिकत होती.

मग मी इंजिनिअरिंगला गेलो. पहिल्या वर्षी इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून जायचं आणि चुकू या भीतीने हात वर होत नसे. पुढे जरा बोलता यायला लागलं. सुट्टीत घरी आलो, तेव्हा दारात चार विद्यार्थी बसले होते. अम्मी त्यांना भाज्यांची नावं सांगत होती. मी सगळ्यांसमोर तिचा 'व्हेजिटेबल'चा उच्चार दुरुस्त केला, वर हसलोही. ती काही बोलली नाही. पुढच्या सुट्टीत तिच्या वर्गात डोकावलो, तर मुलं फळ्यावरचं इंग्रजी मुकाट्याने उतरवून घेत होती. विचारलं, तर म्हणाली, "चुकीचं बोलण्यापेक्षा लिहून दिलेलं बरं, बेटा."

ज्या भीतीने मला कॉलेजात गप्प बसवलं, तीच मी अम्मीच्या वर्गात नेऊन सोडली होती.

तिला त्यातून तिच्याच मैत्रिणींनी बाहेर काढलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की केंद्रातल्या चार शिक्षिका आमच्या घरी जमू लागल्या. एकीने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी पहिलीची मुलं व्हायचं. बोलणं संपेपर्यंत कुणी चूक काढायची नाही. वर्गात काय फसलं, ते पुढच्या वेळी सांगायचं. पुढे २०१६मध्ये राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या 'तेजस' उपक्रमाने काही जिल्ह्यांत जवळपासच्या शिक्षकांचे असेच गट उभे केले. ते वाचून अम्मी म्हणाली, "आमचा चहा वाया गेला नाही."

आपल्या मोहल्ल्यात वाद चालतो तो उर्दू शाळा, मराठी शाळा की इंग्लिश मीडियम यावर. बोर्ड इंग्रजी असला म्हणून आई-बाप पोटाला चिमटा काढून फी भरतात. तिथल्या टीचरला पगार किती, प्रशिक्षण किती, हे कुणी विचारत नाही.

ते विचारायला लागा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तुमचे भाऊ, वहिनी, खाला त्यात असतील. शिक्षकांना इंग्रजीसाठी काय मदत लागते, हे त्यांना बैठकीत विचारायला सांगा. आणि मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन महिन्यातला एक शनिवार शिक्षकांशी इंग्रजीत गप्पा मारायला द्या. त्यांच्या जागी शिकवायला जाऊ नका, त्यांच्यासोबत बसा. आणि कुणाच्या उच्चाराला हसू नका.

अम्मीची माफी मी फार उशिरा मागितली. तोवर पहिलीच्या किती तुकड्या फळ्यावरचं उतरवूनच पुढे गेल्या होत्या.